घर ओढायचा दिवस

चिलोए बेटांवर
'किंवा' हा शब्द एका अक्षराचा आहे: ओ.
तोंडाचा चंबू केला की झाला.
एर्सिलिया मियालोंकोला तो दिवसातून दहादा ऐकू येतो.
पाववाली विचारते, जाणार ओ राहणार?
मावशी विचारते बटाटे सोलता सोलता,
फादर चर्चच्या पायरीवर,
धक्क्यावर दोर गुंडाळणारी पोरंसुद्धा:
पुएर्तो मोंत ओ आपलं बेट?
तिकडच्या गोदीत आराखडे काढायची नोकरी
ओ
बापाच्या छपराखाली फळ्यांना वाफ देऊन
होडीच्या बरगड्या वाकवणं?

पिठाच्या पिशवीवर तिने दोन रकाने आखले.
पगार, दवाखाना, गरम पाण्याचा नळ.
बाबा, सायप्रसचा वास, बाबांचा डावा गुडघा.
मधली रेघ इतकी गिरवली
की पिशवी तिथेच फाटली.

मग शनिवारी म्हाताऱ्या रोसामेल बारीआचं घर निघालं.
निघालं म्हणजे खरंच निघालं.
खाली ओंडके, चौकटीला दोर,
बैलांच्या सहा जोड्या, अख्खं गाव,
आणि भरतीच्या वेळा कागदावर मांडून
सगळ्यांच्या पुढे एर्सिलिया:
पावणेतीनच्या आत पाण्यात, नाहीतर उद्या.

तीन वर्षं लोक रोसामेलला विचारत होते
विकणार ओ इथेच मरणार?
बायकोला डायलिसिससाठी पल्याडच्या किनाऱ्यावर न्यावं लागे
आठवड्यातून तीनदा, समुद्र कसाही असो.
तो म्हणे, बघू.
लोक म्हणत, याचे पाय दोन दगडांवर.
(ओढा ओलांडताना आणखी कुठे असतात पाय?)

घर चिखलातून घसरत गेलं,
भिंतींवरचे लाकडी खवले करकरले,
स्वयंपाकघराची काच फुटली.
चिमणी आधीच उतरवली होती.
सफरचंदाचं झाड काही येऊ शकत नव्हतं.
ओतिलिया त्याच्या बुंध्याला पाठ टेकून
बराच वेळ उभी राहिली
नि कुणीही तिला हाक मारली नाही.

मग पाणी आलं. उंबऱ्याला लागलं.
बैल सोडले, होड्यांनी दोर घेतले,
आणि घर थोडा वेळ
ना तळ्यात ना मळ्यात.
कमी ऐकू येणारा माणूस कलतो
तसं ते किंचित उजवीकडे कललं
आणि तरंगलं.
खिडकीत मांजर. जिन्यावर कुणाचातरी विसरलेला बूट.

एर्सिलिया गुडघाभर पाण्यात, हातात भिजलेला कागद.
साक्षात्कार वगैरे काही झाला नाही तिला.
एवढंच दिसलं की दाराला कडी तीच आहे
आणि दारासमोर आता दुसरा किनारा येतोय.

त्या रात्री तिने गोदीला लिहिलं.
मे ते सप्टेंबर मी तुमची,
तसंही पावसाळी थंडीत इथे लाकूड सुकत नाही.
ऑक्टोबरपासून बेटावर. आराखडे मेलवरही येतात.
पगार कमी द्या, अर्धा नको,
हिशेब सोबत जोडलाय.
बाबांना वाचून दाखवलं.
ते म्हणाले, असं कुणी देत नसतं.
दिवा मालवल्यावर म्हणाले,
सप्टेंबरात रंधे धार लावून ठेवीन.

उत्तर अजून आलेलं नाही.
नकार येईल कदाचित. मग पुन्हा लिहावं लागेल,
वेगळ्या गोदीला, वेगळे महिने घालून.
पाववाली आज परत विचारते, जाणार ओ...?

माझ्या भाषेत 'ओ' म्हणजे हाकेला उत्तर.
लांबून कुणी नाव घेतलं
की आपण देतो तो, असू तिथून.
एर्सिलियाला हे ठाऊक असायचं कारण नाही.
ती चार पाव पिशवीत टाकते,
सुटे पैसे मोजते,
पल्याडच्या किनाऱ्याकडे बघते.
तिथे रोसामेल चिमणी पुन्हा बसवतोय.
त्याला शिडी जरा आखूड पडतेय.